पी.टी.चा तास

तुळिंज रोडला पाणी भरलं की आत्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. ती तळमजल्यावर राहते. वरच्या मजल्यावर घर घ्यायला पैसे कमी पडले नव्हते. पण इमारतीला लिफ्ट नाही, आणि आत्याला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर चढवून, हातात काठी घेऊन ती सपाटीवर कुठेही जाते. जिना मात्र तिचा वैरी. जुलैतल्या त्या रविवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी तिच्याकडे पोचलो, तेव्हा पाणी आत येऊ नये म्हणून ती उंबऱ्याशी जुनी लुगडी दाबत बसली होती.

"ये. आधी पाय धू साबणाने."

मी क्रीडाशिक्षक आहे, नालासोपाऱ्यातल्याच एका शाळेत, बावीस वर्षं. आत्याने आधी स्टेशनजवळ एसटीडीचं बूथ चालवलं, अपंगांना मिळायचं ते. मोबाइल आले, बूथ गेलं. मग चर्चगेटला एका ऑफिसात नोकरी आणि रोजची विरार लोकल. आता ती निवृत्त आहे. आमचं दोघांचं सगळ्या गोष्टींवर पटतं, एक सोडून. २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी मी रात्री जागून स्पर्धा पाहिल्या, सकाळी शाळेच्या फळ्यावर पदकं लिहिली. सात सुवर्ण, नऊ रौप्य, तेरा कांस्य. आत्या एकही दिवस टीव्हीसमोर बसली नाही. मला ते लागलं होतं. का बसली नाहीस, हे विचारायला इतके दिवस धीर होत नव्हता. त्या दिवशी बाहेर पाणी होतं, रिक्षा बंद होत्या, मला परत जाता येणार नव्हतं. मी विचारलं.

"एकोणतीस पदकं आली, आत्या. लंडनला २०१२ मध्ये फक्त एक होतं. रिओला चार, टोकियोला एकोणीस आणि पॅरिसला एकोणतीस. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, त्याने १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं. उद्घाटनाला तिरंगा कुणाच्या हातात होता? सुमित अंतिलच्या आणि नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधवच्या. बसून गोळा फेकते ती. आणि तू ढुंकून पाहिलं नाहीस."

"आपले किती जण गेले होते?"

"चौऱ्याऐंशी."

"आणि देशात माझ्यासारखे किती?"

आकडा मला माहीत होता. २०११ च्या जनगणनेत दोन कोटी अडुसष्ट लाख. एकट्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर.

"त्या चौऱ्याऐंशींचं मला कौतुक आहे," आत्या म्हणाली. "पण त्यांच्यामुळे माझं काय झालं ते ऐक. आपल्या अपंगांच्या डब्यात एक धडधाकट माणूस बसला होता. दादरपासून मी उभी. भाईंदर गेल्यावर म्हटलं, बाबा, जरा ऊठ. तर मला म्हणाला, मावशी, ती हात नसलेली पोरगी बाण मारते, आणि तुम्हाला चार स्टेशनं उभं राहवत नाही?"

ती पोरगी म्हणजे किश्तवाडची शीतल देवी. पायाने धनुष्य पेलते, खांद्याने दोरी ताणते. राकेश कुमारच्या जोडीने तिने पॅरिसला कांस्य जिंकलं. तो नेम पाहून मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. त्याच नेमाचा दगड करून कुणीतरी माझ्या आत्याला मारला होता.

"तो माणूस नालायक. त्यात शीतलचा काय दोष?"

"तिचा कशाला असेल? पण तिच्याकडे बोट दाखवून उभं मला राहावं लागलं. पूर्वी लोक कीव करायचे. ती नको वाटायची, पण जागा मिळायची. आता म्हणतात, जिद्द पाहिजे, जिद्द. म्हणजे स्टेशनवर लिफ्ट बंद असली तरी दोष माझ्या जिद्दीचा."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"आत्या, तुला वाटतं हे खेळ लोकांना दाखवायला निघाले. तसं नाही. ते हॉस्पिटलातून निघाले." आणि मी तिला स्टोक मँडव्हिलची हकिगत सांगितली. इंग्लंडमधलं ते हॉस्पिटल, दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले तरुण सैनिक. अशा रुग्णाने पडून राहायचं, पाठीला जखमा व्हायच्या, लघवीत जंतू व्हायचे, आणि काही महिन्यांत तो जायचा. डॉक्टरही ते गृहीत धरत. लुडविग गुटमन हा ज्यू डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून पळून तिथे आला होता. त्याने हे गृहीतच मोडलं. दर दोन तासांनी कूस बदला, उठवून बसवा, हातात चेंडू द्या, धनुष्य द्या. २९ जुलै १९४८ ला लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी त्याने हॉस्पिटलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. चौदा पुरुष, दोन बायका. तिथून १९६० चं रोम, आणि रोमपासून आजपर्यंत.

"आणि आपला माणूस ऐक. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या लढाईत अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यापाशी कायमची राहिली. कमरेखाली लुळा. इथे कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून त्याला पाण्यात उतरवलं. पदकासाठी नाही गं, अंगात जीव राहावा म्हणून. १९६८ मध्ये तो तेल अवीवला टेबल टेनिस खेळायला गेला. चार वर्षांनी हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमाची वेळ दिली, ३७.३३ सेकंद, आणि सुवर्णपदक घेतलं. देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. अभिनव बिंद्राच्या ऑलिम्पिक सुवर्णाच्या छत्तीस वर्षं आधी."

"बहात्तर साली?"

"हो."

"आणि पद्मश्री कधी मिळाली त्यांना?"

"२०१८."

"शेहेचाळीस वर्षांनी."

"अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर, जानेवारी २०२५ मध्ये. लोकांना नाव कळलं ते 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला तेव्हा."

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. राग नव्हता.

"मी बहात्तर साली दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "लालबागला, चौथीत. पी.टी.च्या तासाला बाई मला चपला सांभाळायला बसवायच्या. सगळ्या पोरी चपला काढून मैदानात पळायच्या आणि मी चपलांच्या ढिगापाशी. खेळ कुठला माहितेय? लंगडी. खेळाचं नाव लंगडी, आणि वर्गात जिला लंगडी म्हणायचे ती बाहेर. त्या वर्षी एखाद्या बाईंनी, एखाद्या मास्तरांनी वर्गात येऊन नुसतं सांगितलं असतं, की पायांत बळ नसलेल्या आपल्याकडच्या एका माणसाने जर्मनीत पोहून सोन्याचं पदक आणलं. मी पोहले असते असं नाही म्हणत. लालबागच्या पोरीला कोण तलावात सोडणार होतं? पण चपलांपाशी बसताना डोक्यात काहीतरी असतं."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल पाण्यात बंद पडली होती. ती ढकलत नेणाऱ्याचे शब्द बराच वेळ ऐकू येत राहिले.

मग तिनेच विचारलं, "हायडेलबर्ग का? त्या वर्षी ऑलिम्पिक तर म्युनिकला होतं ना?"

हा प्रश्न मी टाळला असता तर बरं, पण आत्यापुढे टाळाटाळ चालत नाही. म्युनिकच्या क्रीडाग्राममधल्या खोल्या ऑलिम्पिक संपताच लोकांना राहायला द्यायच्या होत्या; घरांची कामं सुरू होणार होती, म्हणून चाकाच्या खुर्चीवाल्यांना दुसऱ्या गावी पाठवलं. त्याआधी मेक्सिकोने नाही म्हटलं म्हणून १९६८ ची स्पर्धा तेल अवीवला झाली. १९८० ला मॉस्कोने घेतली नाही, ती हॉलंडमधल्या आर्नहेमला गेली. रोमला तर क्रीडाग्रामच्या इमारती खांबांवर उभ्या होत्या; इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून जिने चढवले. ऑलिम्पिकचीच मैदानं वापरायला मिळाली ती १९८८ ला, सोलमध्ये.

"म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळायला आलेल्या माणसांनाही जिना आडवा आला," आत्या म्हणाली. "आणि तू मला म्हणतोस टीव्ही बघ."

"पण बदललं ना, आत्या! खेळांमुळेच बदललं. २००८ ला स्पर्धा होती म्हणून बीजिंगने चीनच्या भिंतीवर जायला लिफ्ट बसवली. शेकडो वर्षांची भिंत, तिला लिफ्ट."

"पॅरिसला काय केलं?"

मला खरं सांगावं लागलं. बसगाड्या बऱ्याचशा सोयीच्या होत्या. मेट्रोच्या मात्र सगळ्या मार्गांपैकी १४ क्रमांकाचा एकच चाकाच्या खुर्चीला पूर्ण खुला होता.

"बघ. चार वर्षांनी एक शहर, तेही अर्धंमुर्धं. या हिशेबाने नालासोपाऱ्याचा नंबर कधी लागायचा?"

तिथे मला राग आला, हे कबूल करतो. प्रत्येक गोष्ट तुळिंजच्या गटारापाशी आणून सोडायची तिची सवय आहे. मी म्हटलं, "खेळ काय रस्ते बांधायला असतात का? क्रिकेटच्या विश्वचषकाने कुठलं गटार झाकलं? तिथे नाही विचारत कुणी. मग अपंगांनी खेळलं की लगेच त्याचा उपयोग काय, हे का विचारायचं? माणसाला खेळावंसं वाटतं म्हणून तो खेळतो. एवढं कारण पुरेसं नाही?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "हे बरोबर बोललास," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे क्वचित येतं.

त्या बळावर मी पुढे गेलो. आतल्या खोलीतून तिची प्लास्टिकची फाइल आणली. त्यात तिचे सगळे अपंगत्वाचे दाखले आहेत, जुना, नवा, बूथसाठीचा, रेल्वेच्या सवलतीचा. दर वेळी नवी रांग, दर वेळी कुणीतरी पाय उचलून पाहणार आणि टक्के लिहिणार. एकदा तर ज्या कार्यालयात बोलावलं होतं ते दुसऱ्या मजल्यावर होतं. "या कागदावर लिहितात की तुझ्यात किती कमी आहे," मी म्हटलं. "खेळातला गट वेगळा असतो. तिथे बघतात तुला काय करता येतं, आणि तेवढंच करता येणाऱ्यांच्या शेजारी तुला उभं करतात. सचिन खिलारीचा गट एफ ४६. लहानपणी सायकलवरून पडला, डाव्या हातात बळ आलं नाही. तशाच एका हाताच्या माणसांशी त्याने गोळा टाकला. पॅरा हा ग्रीक शब्द आहे, आत्या. शेजारून, बरोबरीने."

"आणि गट चुकला तर?"

चुकतो. तेही मी तिला सांगितलं. टोकियोत विनोद कुमारला थाळीफेकीत कांस्य मिळालं आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतलं. तो त्या गटात बसत नाही असा निर्णय झाला. सिडनीला २००० साली स्पेनने बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉल संघात बारापैकी दहा धडधाकट खेळाडू घुसवून सुवर्ण नेलं. त्या लबाडीपायी जगभरच्या तशा खेळाडूंना पुढच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये प्रवेशच नव्हता. आणि आपली मानसी जोशी. मुंबईची सॉफ्टवेअर इंजिनीअर, २०११ मध्ये अपघातात डावा पाय गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला ती बॅडमिंटनची जगज्जेती झाली. त्याच गावात, त्याच आठवडाअखेरीस पी. व्ही. सिंधूही जगज्जेती झाली. देशाने सिंधूला डोक्यावर घेतलं. मानसीची बातमी दोन दिवसांनी लोकांच्या ध्यानात आली. टोकियोत बॅडमिंटन पहिल्यांदा आलं, तर महिला एकेरीत मानसीचा गटच ठेवला नव्हता.

"जगात पहिली आली आणि तिला खेळायला जागाच नाही?"

"पॅरिसला ठेवला. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती."

"आणि पैसे? आता तर पदकाला बरेच देतात म्हणे."

"केंद्राने पॅरिसला सुवर्णाला पंचाहत्तर लाख, रौप्याला पन्नास, कांस्याला तीस लाख दिले."

"ते पदक आल्यावर. जायच्या आधी?"

जायच्या आधीचं सांगायचं तर कांचनमाला पांडेचं सांगावं लागतं. नागपूरची अंध जलतरणपटू. २०१७ मध्ये बर्लिनला स्पर्धेसाठी गेली, सरकारी मदत वेळेत पोचली नाही, परक्या शहरात उसनवारीवर दिवस काढले आणि तरी रौप्य जिंकलं. त्याच वर्षी मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण. पेटकरांच्या वेळीही विमानाच्या तिकिटांसाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांना हात पुढे करावा लागला होता. पंचेचाळीस वर्षांत एवढाच फरक, की आता मदत मंजूर होते आणि उशिरा येते. हे बोलताना माझाच आवाज खाली गेला. आत्याने ते ओळखलं, आणि या मुद्द्यावर मला डिवचलं नाही. शेवटचं पदक माझ्याकडे होतं, ते मी काढलं.

"दिलीप गावित. सुरगाणा तालुक्यातल्या तोरणडोंगरीचा आदिवासी पोरगा. आपल्या जव्हार-मोखाड्यासारखाच तो मुलूख. लहानपणी झाडावरून पडला, उजवा हात गेला. नाशिकला वैजनाथ काळे सरांनी त्याला धावायला शिकवलं. ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई पॅरा स्पर्धा. ४०० मीटर, ४९.४८ सेकंद, सुवर्ण. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. पॅरिसला अंतिम फेरीत धावला. टी ४७ गट. एक हात नसणाऱ्यांचा."

"सरांनी शिकवलं," आत्या म्हणाली.

"हो."

"पी.टी.च्या सरांनी."

"प्रशिक्षक आहेत ते."

"तुझ्या वर्गात एक मुलगा आहे ना रे? मागे सांगत होतास. जन्मापासून कोपराखाली हात नाही."

"आहे. आठवीत."

"मग त्याचा गट हाच ना?"

"बहुतेक हाच."

"पी.टी.च्या तासाला तो काय करतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. तो गुण लिहितो. कबड्डी असो, खो-खो असो, त्याचं डाव्या हाताचं अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणून मी पाचवीपासून त्याला गुणांची वही दिली होती. प्रेमाने दिली होती. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याला खास काम दिलं, असं मला चार वर्षं वाटत होतं. ज्या शिक्षकाने फळ्यावर एकोणतीस पदकं लिहिली, त्यानेच त्याला चपलांपाशी बसवलं होतं.

आत्याला उत्तर कळलं होतं. तिने मला जेवून जा म्हटलं. वाटाण्याची उसळ होती.

तिने माझं म्हणणं मान्य केलं, असं मी लिहिणार नाही. जेवताना ती पुन्हा तेच म्हणाली, की आधी माणसाला घराबाहेर पडता आलं पाहिजे, मग मैदान. टीव्हीवरची पदकं बघून लोकांना वाटतं सगळं झालं. माझं मत उलट आहे. बाहेर पडून जायला एखादं मैदान आहे हे कळलं, तर माणूस उंबऱ्यावरच्या पाण्याशी भांडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिसावं कलम खेळांसाठी आहे. खेळाच्या जागा आणि सोयी सगळ्यांना वापरता येतील अशा करा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शीतल, सचिन, दिलीप दिसले नसते, तर क्रीडाशिक्षक असूनही ते कलम मी कधी शोधून वाचलं नसतं. आणि आत्याने विचारलं नसतं, तर वाचूनही मी त्या मुलाच्या हातातली वही काढून घेतली नसती.

मैदान वाळायला तीन आठवडे लागले. मुलाला मी धावशील का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, गुण कोण लिहिणार? मी आत्याला फोन केला. ती रिक्षाने आली. शंभर मीटरची रेघ आखली, खुर्ची टाकली, तिच्या हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर वही. पहिल्यांदा तो सुटतानाच तोल जाऊन पडला. एक हात नसला की सुरुवातीला शरीर एका बाजूला ओढतं, ते मलाही त्या दिवशीच कळलं. दुसऱ्यांदा त्याने शेवटपर्यंत मान वर केली नाही. आत्याने वहीत लिहिलं, १६.८ सेकंद. खाली तारीख घातली. त्याचा दाखला आणि दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करायचं काम तिने अंगावर घेतलं आहे, कारण त्या रांगा तिला पाठ आहेत.

मैदानाच्या फाटकाला तीन पायऱ्या आहेत. आठवीतल्या दोन मुलींनी आधार दिला तेव्हा आत्या आत येऊ शकली. बावीस वर्षं मी त्या पायऱ्या रोज उतरतो, पण कधी मोजल्या नव्हत्या. त्यांच्या जागी उतार करून द्यावा म्हणून शाळेच्या समितीला मी पत्र दिलं आहे, आणि सिमेंट-रेतीचा खर्च मी करीन, असंही त्यात लिहिलं आहे.